फाट्यावर कोणी उभं नव्हतं

पुणे
१४ जानेवारी २०२५

प्रिय रेश्मा,

आज संक्रांत, गोड बोलायचा दिवस. पण मला ते जमणार नाही, कारण मी तुझ्यावर चिडले आहे.

शुक्रवारी तिसगावात आमची सभा झाली. तुला महिनाभर आधी पत्राने कळवलं होतं. नगर-शेवगाव रूळ टाकून झाले. आता रोजची गाडी सुरू करायची आणि ती कुठे कुठे थांबवायची, हे लोकांना विचारून ठरवायचं. विचारण्याचं काम आमच्या कंपनीकडे आहे, म्हणजे तिकडच्या गावांपुरतं माझ्याकडे. मंडप टाकला, माईक लावला, खुर्च्या मांडल्या. आणि तुमच्या ढाकणवस्तीचं एक माणूस आलं नाही! मी दाराकडे बघून बघून मान दुखवून घेतली. शेवटी उरलेला चहा मंडपवाल्यांनी प्यायला.

बरं, सभेचं सोड. त्याच दिवशी आमची माणसं पहाटेपासून तुमच्या फाट्यावर प्रवासी मोजायला उभी होती. पाच वाजता थंडीत जाऊन उभी राहिली बिचारी. सकाळभरात फाट्यावर चौघं दिसले, त्यातला एक शेळ्या घेऊन चालला होता. बाकी "खासगी जीप, एक" अशी नोंद आहे. ती अंगददाजींचीच असणार. आमचा माणूस हसून सांगत होता, ड्रायव्हरच्या शेजारी एक बाई बसली होती आणि सारखी बोलत होती. मी म्हटलं, ती आमची रेश्मा! लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली तरी नवऱ्याशेजारची जागा सोडवत नाही का गं तुला?

चौघांसाठी गाडी थांबत नाही. तुमच्या फाट्याचं नाव थांब्यांच्या यादीतून जाणार, हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे. एका अर्थी बरंच झालं म्हणा, दाजींची जीप वाचली. तुझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, नमस्कार सांग. बाबा गेल्यापासून तिकडे येणंच होत नाही, आलं की त्यांची शाळा आठवते आणि रडू येतं.

तुझी,
मैत्रेयी


ढाकणवस्ती
२० जानेवारी

मैत्रे,

नमस्कार मागनं, आधी भांडन.

शुक्रवारी सभा ठेवली कुन्या शहान्यानं? शुक्रवारी घोडेगावचा जनावरांचा बाजार असतो, हे तुला ठाऊक न्हाई? तू इथं दहावीपर्यंत शिकलीस, शुक्रवारी निम्मा वर्ग रिकामा असायचा, गुरुजी खडू फेकून मारायचे ते कुनाला? शुक्रवारी गडी मानूस गावात शोधून सापडत न्हाई. आनि गडी न्हाई म्हनल्यावर बायका मंडपात एकट्या येऊन बसत्यात व्हय? तुज्या कंपनीनं कॅलेंडर बघितलं, बाजार न्हाई बघितला.

आता फाट्याचं ऐक. फाट्यावर कोन उभं राहतंय? तिथं एका बाजूला दारूचं दुकान, दुसऱ्या बाजूला टपरी. बाई तिथं उभी राहिली की येनारा-जानारा वरपासून खालपर्यंत बघतो, आनि संध्याकाळी घरी प्रश्न, "फाट्यावर काय करीत हुतीस?" आमच्याकडं कुनीच उभं राहत न्हाई. जीप दारात येती. सहादेव आण्णांच्या बोळापाशी एक लांब हॉर्न, कल्याणभाऊंच्या मळ्यापाशी दोन तोकडे, शाळेपाशी जरा वाजवून सोडायचा. हॉर्न ऐकला की बशीतला चहा संपवायचा आनि पायात चप्पल घालायची. कालिजातली पोरं, दवाखान्यातली म्हातारी, गवंडी, धुन्याभांड्याच्या बायका, समदी जीपमधी कोंबलेली असत्यात. तुजी मानसं मोजत हुती तवा आमी त्यांच्या नाकासमोरून गेलो. मीच म्हनले ह्यांना, ही कोन बावळट थंडीत उभी हायेत?

तर परत मोज. नीट मोज. आमाला थांबा पायजे. मला पायजे.

आनि फोन करू नको. घरात एकच फोन, तो जीपचा हाय, सारखा ह्यांच्याजवळ असतो. पत्र पोस्टानंच टाक. आत्याबाईंना वाचता येत न्हाई. पोस्टमन आला की दारात येऊन विचारत्यात, "कोनाचं हाय गं?" मी म्हनते गुरुजींच्या पोरीचं, मग गप बसत्यात.

शेजारी बसन्याचं म्हनशील तर मी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन नगरला विकायला जाते. जुड्या मागं चेंगरत्यात म्हनून पुढं बसते. एवढंच.

तुजी,
रेश्मा


पुणे
२९ जानेवारी

प्रिय रेश्मा,

शुक्रवारचं चुकलं. पत्र ऑफिसात वाचून दाखवलं, सगळे माना खाली घालून बसले. मीही. बाजार मला आठवायला हवा होता, हे खरंच.

फेरमोजणी मिळू शकते. ग्रामपंचायतीचा अर्ज आला की एकदाच मिळते, त्यापुढे नाही. पण नियम असा की फाट्यावर जी माणसं उभी दिसतील तीच धरायची. जीपमधली धरायची तर जीपवाल्याने सहीनिशी लिहून द्यायला हवं, की मी रोज एवढी माणसं नेतो. दाजींकडे प्रवासी नेण्याचा परवाना आहे का? नसणारच. मग ती सही उद्या त्यांच्याच अंगाशी येईल. आणि मोजणीचा दिवस मला कुणालाच सांगता येत नाही, तुलाही नाही. नाहीतर गावं त्या दिवशी माणसं गोळा करून उभी करतात.

आता मला तू खरं सांग. जीप तुमची, पोट त्या जीपवर, आणि तू म्हणतेस थांबा हवा. गाडी थांबायला लागली की जीपमध्ये कोण बसेल? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला निघालीस? मी दोन दिवस तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचते आहे. "मला पायजे" असं तू कधी म्हणत नाहीस. शाळेत डब्यातला लाडूसुद्धा तुला "चालंल" एवढाच हवा असायचा.

रागावू नकोस, पण विचारते. दाजी तुला त्रास देतात का? तुझ्यावर संशय घेतात म्हणून शेजारी बसवून नेतात का? हात उचलतात का? तसं असेल तर एका शब्दाने कळव, मी तिथे येते. थांब्याचं नंतर बघू.

तुझी,
मैत्रेयी


ढाकणवस्ती
६ फेब्रुवारी

मैत्रे,

तुजं पत्र वाचून आधी लई हसले, मग चुलीपुढं बसून रडले. आत्याबाई म्हनल्या, "गुरुजींच्या पोरीचं काय बरंवाईट झालं का गं?" म्हनलं, न्हाई, धूर गेला डोळ्यात.

हे मारत न्हाईत. ह्यांना दिसत न्हाई.

आता लिहिलं. लिहायला हात धजत नव्हता. दिवसा दिसतंय. अंधार पडला, न्हाईतर पहाटं उजाडायच्या आधी, की समोरचं कळत न्हाई. शुगर हाय ना, तिनं डोळ्याचा पडदा धरलाय, असं नगरच्या डाक्टरनं सांगितलं. चष्म्यानं भागत न्हाई म्हनला. त्यालाबी आता वर्ष होत आलं.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर करंजीच्या घाटातून येत हुतो. मी त्या दिवशी भाजीच्या निमतानं सहज पुढं बसले हुते. पुढं उसाची ट्रॉली, तिला मागं लाल दिवा न्हाई. मला दिसतीये, आनि हे गाडी हळू करीतच न्हाईत! मी किंचाळले. ब्रेक मारला तवा उसाचे शेंडे काचंला घासले. मागची समदी ट्रॉलीवाल्याला शिव्या देत बसली. मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं आनि मला कळलं.

तवापास्नं मी रोज पुढं बसते. जुड्या नुसत्या दाखवायला, निम्म्या सुकून परत येत्यात. तोंड सारखं चालू ठेवते. "आवं, ती बघा डावीकडं मोटरसायकल, आपल्या श्रीमंतभाऊची दिसती." "आता वळन आलं, तिथंच तुमचा टायर फुटला हुता बघा." मागचे म्हनत्यात, वैनी लई बोलकी. घरी आले की घसा धरलेला असतो. रात्री डोळा लागत न्हाई, लागला की ट्रॉली दिसती. पहाटं परत हॉर्न.

सोडा म्हनते. पाया पडले. तर म्हनत्यात, मी सोडली तर वस्तीनं जायचं कशानं? वस्तीतल्या एका म्हातारीचं डायलिसिस हाय, पोरांच्या परीक्षा हायेत. एश्टी फाट्यावर थांबत न्हाई. आनि खरं सांगू का, त्यांना त्याचा मान हाय. वस्ती त्यांच्या हॉर्नवर उठती. ते गेलं तर मानूस घरात बसून काय करंल? एकदा मात्र बोलून गेले, "रेल्वे फाट्यावर थांबली तर दुसऱ्या दिशी चावी तुज्या हातात." थांबनार न्हाई ही खात्री हुती म्हनून बोलले. पन मी तो शब्द धरून बसलीये. म्हनून मला थांबा पायजे. आता कळलं?

सही ते देनार न्हाईत. अर्ज मात्र मी ग्रामपंचायतीतून पाठवलाय. कुनाला सांगू नको. आत्याबाईंनाबी ठाऊक न्हाई.

रेश्मा


पुणे
११ फेब्रुवारी

रेश्मा,

अगं, तू काय लिहिलंस हे तुला कळतंय का? रोज पहाटे अंधारात माणसं भरलेली जीप, आणि चालवणाऱ्याला दिसत नाही! तुझ्या गप्पांवर चालते ती गाडी! एक दिवस तुला खोकला आला तर? एक दिवस तुला डुलकी लागली तर? त्या गाडीत परीक्षेची पोरं आहेत, तूच लिहितेस.

थांबा मिळाला तरी गाडी सुरू व्हायला वर्ष जाईल. वर्षभर असंच? नाही. उद्यापासून बंद. दाजींचा मान, वस्तीची सोय, सगळं मला कळतं, पण हे बंद.

हे मला सांगून तू मलाही त्या जीपमध्ये बसवलंस. काल रात्रभर मी इथे पुण्यात अंथरुणात बसून डावीकडे-उजवीकडे बघत होते. अर्ज मिळाला, फेरमोजणी मंजूर आहे, पण आत्ता मला त्याचं काही पडलेलं नाही.

रविवारपर्यंत तू त्यांना थांबवलं नाहीस तर मी त्या जीपच्या फोनवर फोन करणार. तुला राग येऊ दे. आयुष्यभर बोलू नकोस हवं तर.

मैत्रेयी


पुणे
२ मार्च

प्रिय रेश्मा,

तुझं उत्तर नाही. शिव्या तरी दे गं.

मी रविवारी फोन केला. पलीकडून "कोन?" असा आवाज आला. आत्याबाई. म्हणाल्या, अंगद जेवतोय, मला सांग. मी ठेवून द्यायला हवा होता. पण त्यांनी "बाळ, गुरुजींची मैत्रेयी ना तू?" असं विचारलं आणि माझा बांधच फुटला. डोळे, घाट, ट्रॉली, तुझं शेजारी बसणं, सगळं सांगून टाकलं. त्या शेवटी "बरं बाई" म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

तेव्हापासून तो फोन लागत नाही. रोज लावते, रोज बंद. सकाळी पेपर आला की आधी अपघातांची पानं बघते. ऑफिसात कुणी "नगर रोड" म्हटलं तरी दचकते. माझ्यामुळे तुझं घर मोडलं का? आत्याबाई काही बोलल्या का तुला? का त्याहून वाईट काही झालं? काल तर तिकडे यायला निघाले होते, पण कुठल्या तोंडाने येऊ म्हणून एसटी स्टँडवरून परत फिरले.

आणि मधेच हे. गुरुवारी फेरमोजणी झाली. माझी माणसं परत आली ती चक्रावून. तुमच्या फाट्यावर पहाटे अंधारातच त्रेपन्न माणसं उभी होती! बायका पुढे, पुरुष मागे. एक म्हातारी काठी टेकून दारूच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती आणि दुकानदार तिला पाणी आणून देत होता म्हणे. जीप मात्र दिसली नाही. आकडा थांब्याला पुरून उरतो. पण साहेब म्हणतात, चाराचे त्रेपन्न महिन्या-दीड महिन्यात होत नाहीत, कुणीतरी दिवस फोडला आणि गावाने देखावा केला. मी शपथेवर सांगितलं, मी फोडला नाही. विश्वास कोण ठेवतो? तुम्हाला दिवस कळला कसा? खरं काय ते लिही, त्यावर थांबा अडला आहे.

पण आधी हे लिही की तुम्ही सगळे ठीक आहात.

तुझी,
मैत्रेयी


ढाकणवस्ती
८ मार्च

मैत्रे,

समदी ठीक हायेत. आधी हे वाच, पानी पी, मग पुढं वाच.

राग आला हुता. तुजं तोंड बघनार न्हाई म्हनून चुलीवर हात ठेवून बोलले हुते, म्हनून पत्र लिहिलं न्हाई. आता तो राग गेलाय, कुठं गेला ते सांगते.

तुजा फोन झाला तवा मी भाकरी थापत हुते. आत्याबाई आत आल्या. जेवल्या न्हाईत. ह्यांचं जेवन होईस्तोवर समोर बसून त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग खुंटीची चावी काढली, पदराच्या गाठीला बांधली, फोन बंद करून धान्याच्या कनगीत टाकला आनि झोपल्या. मला वाटलं, आता सकाळी माजं काय खरं न्हाई. नवऱ्याचं असं लपवून ठेवलं, आईला सांगितलं न्हाई, ह्याहून मोठा गुन्हा कुठला?

पहाटं हॉर्न वाजला न्हाई.

वस्ती चहा पिऊन बसली. मग एकेक जन येऊन दारात ओरडाय लागला. कल्याणभाऊ तर पार तापलेले, मुकादम बोंबलतोय म्हनले. हे आत भिंतीकडं तोंड करून पडलेले. आत्याबाई अंगनात उभ्या राहिल्या आनि मोठ्यानं म्हनल्या, "माज्या अंगदाला अंधारात दिसत न्हाई. वरीसभर ह्या पोरीनं तुमाला जित्तं घरी आनलं, आनि मी हिला उंडगी म्हनत हुते. आता जीप निघनार न्हाई. शिव्या द्यायच्या तर मला द्या, आनि मग फाट्याला चला."

मैत्रे, मी दारामागं उभी हुते.

कुनी हालंना. कल्याणभाऊ म्हनले, "दारूच्या दुकानापुढं आमच्या बायका उभ्या करायच्या व्हय?" आत्याबाई म्हनल्या, "मी उभी राहते. माज्याकडं कोन बघतंय ते मला बघू दे." आनि काठी घेऊन निघाल्या. जन्मात त्या फाट्यावर उभ्या राहिल्या न्हाईत. मला सून म्हनून आनली तवा पहिली ताकीद दिली ती फाट्याचीच. त्या निघाल्या म्हनल्यावर बायका मागं निघाल्या, बायका निघाल्या म्हनल्यावर गडी काय घरी बसत्यात?

पहिल्या दिवशी एश्टी थांबली न्हाई. पुढं जाऊन धुरळा उडवून गेली. दुधाच्या टेम्पोत बसून गेली समदी. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. तिसऱ्या दिवशी आत्याबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या! ब्रेक करकचला. कंडक्टर खाली उतरला, म्हनला, "आजी, मरायचं हाय का?" ह्या म्हनल्या, "न्हाई, नगरला जायचंय." तो बिचारा म्हनला, इथं कधी कोन दिसलंच न्हाई, म्हनून डायवर थांबवीत न्हाई. तवापास्नं रोज थांबती. जीपमधी न मावनारे, मोटरसायकलवर तिघंतिघं जानारेबी आता तिथंच येत्यात. दुकानदारानं बायकांसाठी बाकडं टाकलंय, आत्याबाईंच्या भ्यानं.

तर तुज्या सायबाला सांग, आमाला दिवसबिवस कळला न्हाई. तुजी मानसं आली त्या दिवशी आमी उभे हुतो, तसे आदल्या दिवशी हुतो आनि आजबी हुतो. त्याला म्हनावं, न सांगता कुठल्याबी दिवशी ये, फकस्त शुक्रवार सोडून.

आता ह्यांचं. आठवडाभर माज्याशी बोलले न्हाईत. लोक भेटायला आले की गोठ्यात जाऊन बसायचे. मला वाटलं, मी मानूस वाचवला आनि घालवलाबी. मग एका पहाटं जाग आली तर अंथरूनात न्हाईत. बाहेर आले तर वस्तीतून हाक ऐकू आली, "सहादेव आण्णा, उठा, एश्टी गाठायची!" बोळाबोळातून हाका मारत फिरत हुते, काठी न घेता. त्या वाटा पायाला पाठ हायेत. लोक हॉर्नबिगर उठत न्हाईत, रोज कुनाची ना कुनाची गाडी चुकत हुती, ते घरात पडून ऐकत हुते म्हनं. आता रोज तेच उठवत्यात समद्यांना. जीप चिंचंखाली हाय, त्यात कोंबडीनं अंडी घातलीत.

काल डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. एश्टीनं. डाक्टर म्हनला, गेलं ते येनार न्हाई, पन हाय ते टिकंल, शुगर सांभाळा. परत येताना दिवस मावळला. आमी दोघं डायवरच्या मागच्या शिटावर. घाट लागला आनि माजं तोंड आपोआप चालू झालं, "आवं, ते बघा, डावीकडं ट्रॉली..."

हे हसले. किती दिवसांनी हसले. म्हनले, "गाडी मी चालवतोय व्हय? गप नीज."

घाटाच्या पहिल्या वळनाच्या आतच झोपले गं मी. फाटा आल्यावर त्यांनी उठवलं.

तुजी,
रेश्मा